पशुवैद्यकीय रुग्णालयातील प्रतिजैविकरोधी जीवाणूंचा जनुकीय माग: काय कळते आणि काय कळत नाही

प्रश्न असा आहे. लहान प्राण्यांच्या एका रुग्णालयात तीन महिन्यांच्या काळात शस्त्रक्रियेनंतर जखम चिघळलेल्या सहा कुत्र्यांच्या स्वॅबमधून मेथिसिलिन या प्रतिजैविकाला दाद न देणारा स्टॅफिलोकोकस स्यूडइंटरमीडियस हा जीवाणू वाढला. सहाही आयसोलेटचा (नमुन्यातून वेगळ्या वाढवलेल्या जीवाणूंचा) अँटिबायोग्राम, म्हणजे कोणत्या औषधाला प्रतिरोध आणि कोणत्याला संवेदनशीलता याची यादी, जवळजवळ सारखा आहे. त्याच सुमारास मूत्रमार्गाचा संसर्ग झालेल्या दोन मांजरांत कार्बापेनेम गटातील प्रतिजैविकांना न जुमानणारा ई. कोलाय हा जीवाणू सापडला. या सर्वांचे संपूर्ण जीनोम सिक्वेन्सिंग, म्हणजे जीवाणूच्या सगळ्या डीएनएचे अक्षर-अक्षर वाचन, करून घ्यावे का, त्यातून जंतू रुग्णालयातच पसरतो आहे हे सिद्ध होईल का, आणि तो कर्मचाऱ्यांकडून प्राण्यांकडे आला की प्राण्यांकडून कर्मचाऱ्यांकडे गेला हे ठरवता येईल का, असे प्रश्नकर्त्या पशुवैद्यांनी विचारले आहे.

सिक्वेन्सिंग जरूर करून घ्यावे. मात्र त्याच्याकडून तीन वेगवेगळ्या प्रतीची उत्तरे मिळतात, हे आधी लक्षात घ्यावे. दोन आयसोलेटचा एकमेकांशी अलीकडचा संबंध नाही, हे ते जवळजवळ निःसंशय सांगते. दोघांचा उगम अलीकडे एकाच ठिकाणी झाला असावा, हे ते बऱ्यापैकी खात्रीने सांगते, पण त्यासाठी तुलनेला योग्य नमुने लागतात. कोणी कोणाला दिला, हे मात्र ते एकट्याच्या बळावर क्वचितच सांगू शकते. लोकांची अपेक्षा नेमकी याच्या उलट क्रमाने असते, आणि निराशाही तेथूनच सुरू होते.

अँटिबायोग्राम सारखा आला म्हणून जीवाणू एकच, हा निष्कर्ष या प्रजातीच्या बाबतीत विशेष धोक्याचा आहे. मेथिसिलिन-प्रतिरोधक स्यूडइंटरमीडियसचे जगात थोडेच क्लोन, म्हणजे एकाच पूर्वजापासून आलेले वंश, मोठ्या प्रमाणावर पसरले. युरोपात एसटी71 (एसटी हा वंशाचा क्रमांक) आणि उत्तर अमेरिकेत एसटी68 हे दीर्घकाळ वरचढ राहिले, आणि पुढे काही प्रदेशांत एसटी258 सारख्या वंशांनी जागा घेतली. एसटी71 चे बहुतेक आयसोलेट बीटा-लॅक्टम, फ्लुरोक्विनोलोन, मॅक्रोलाइड, लिंकोसामाइड, जेंटामायसिन आणि ट्रायमेथोप्रिम या सगळ्यांना एकाच वेळी प्रतिरोध दाखवतात. त्यामुळे एकमेकांपासून शेकडो किलोमीटरवर राहणाऱ्या, कधीही एका दवाखान्यात न आलेल्या दोन कुत्र्यांचे अहवाल शेजारी ठेवले तरी ते एकाच प्लेटवरचे वाटावेत इतके सारखे असू शकतात. आपल्या सहा अहवालांचे साम्य एवढेच सांगते की हे सहाही कदाचित एका प्रचलित क्लोनचे सदस्य आहेत. तो क्लोन शस्त्रक्रियागृहात मिळाला की घरून येतानाच कुत्र्याच्या नाकात होता, हा प्रश्न जसाच्या तसा उरतो.

जुन्या पद्धतींनी हा प्रश्न सुटत नसे. पल्स्ड-फील्ड जेलमध्ये डीएनएचे मोठे तुकडे करून त्यांच्या पट्ट्यांची नक्षी पाहिली जाई. 1998 पासून रूढ झालेल्या एमएलएसटी पद्धतीत साधारण सात जनुकांचे भाग, म्हणजे जेमतेम तीन-साडेतीन हजार अक्षरे वाचली जातात. एसटी71 मधला '71' हा आकडा याच पद्धतीतून येतो. वंश ओळखण्यासाठी ही पद्धत आजही उपयोगी आहे, परंतु एकाच वंशातील सख्खे आणि चुलत ओळखण्याची ताकद तिच्यात नाही. संपूर्ण जीनोममध्ये स्यूडइंटरमीडियसची सुमारे 26 लाख आणि ई. कोलायची सुमारे 50 लाख अक्षरे वाचली जातात. त्यातील एकेका अक्षराचा फरक, म्हणजे एसएनपी, मोजता येतो किंवा शेकडो-हजारो जनुकांची तुलना करणारी कोअर-जीनोम एमएलएसटी वापरता येते. रुग्णालयातील साखळीचा माग काढण्यासाठी दोन्ही चालतात. आपल्या प्रयोगशाळेला ज्या पद्धतीचा सराव आहे ती निवडावी आणि मध्येच बदलू नये.

आता फरकांचे आकडे कसे वाचायचे ते पाहू. जीवाणूच्या जीनोममध्ये बदल काहीशा ठरावीक गतीने साठत जातात, पण ही गती प्रजातीनुसार वेगळी असते. स्टॅफिलोकोकस ऑरियसमध्ये वर्षाला साधारण आठ-दहा अक्षरे बदलतात, ई. कोलायमध्ये एखाद-दोनच. म्हणून 'दहापेक्षा कमी फरक म्हणजे एकच साथ' असा सरसकट नियम कोणी सांगितला तर तो बाजूला ठेवावा. ई. कोलायमधील दहा अक्षरांचा फरक काही वर्षांचे अंतर दाखवू शकतो, तर ऑरियसमधील तेवढाच फरक एकाच वाहकाच्या नाकात सापडू शकतो. शिवाय आकडा हा तुलनेसाठी घेतलेल्या संदर्भ-जीनोमवर, गाळलेल्या भागांवर आणि वापरलेल्या सॉफ्टवेअरवर अवलंबून असतो. फॅजचे (जीवाणूंना ग्रासणाऱ्या विषाणूंचे) भाग आणि दुसऱ्या जीवाणूकडून एकदम आलेले डीएनएचे पट्टे वगळले नाहीत, तर एकाच घटनेत आलेले शंभर फरक शंभर स्वतंत्र बदलांसारखे मोजले जातात आणि जवळचे नाते दूरचे दिसू लागते.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे पार्श्वभूमी. समजा, आपल्या सहा आयसोलेटमध्ये परस्परांत शून्य ते पाच अक्षरांचाच फरक आला. हे ऐकून कोणीही म्हणेल की साखळी सापडली. पण त्याच काळात आपल्या रुग्णालयाशी काहीही संबंध नसलेल्या कुत्र्यांचे आयसोलेट त्याच झाडावर, म्हणजे जीनोममधील फरकांवरून काढलेल्या वंशवृक्षावर, टाकले आणि तेही आठ-दहा अक्षरांवर बसले, तर निष्कर्ष डळमळतो. एखादा क्लोन एखाद्या प्रदेशात नुकताच आणि वेगाने पसरला असेल, तर त्याचे सगळेच सदस्य एकमेकांच्या जवळ असतात. याउलट पार्श्वभूमीचे आयसोलेट साठ-सत्तर अक्षरांवर असतील आणि आपले सहा एका लहान फांदीवर एकत्र असतील, तर रुग्णालयातील प्रसाराचा पुरावा खरोखर भक्कम होतो. म्हणून माझा आग्रह असा असतो की सहा रुग्णांच्या आयसोलेटसोबत किमान तितकेच असंबंधित आयसोलेट पाठवावेत. शेजारच्या निदान प्रयोगशाळेच्या फ्रीझरमध्ये ते बहुधा असतातच. ही मागणी खर्चाची वाटते आणि बहुतेक वेळा तिलाच कात्री लागते. तिला कात्री लावायची असेल, तर मग सिक्वेन्सिंगवरही पैसे न खर्चणे बरे.

नमुने निवडताना आणखी दोन बाबी सुटतात. एकाच जखमेत जीवाणूची एकसंध प्रत नसते, तर थोडेथोडे फरक असलेला समूह असतो. प्लेटवरून एकच वसाहत उचलली, तर दोन प्राण्यांमधील दिसणारा फरक मुळात एकाच प्राण्याच्या आतला असू शकतो. किमान एक-दोन प्राण्यांच्या प्लेटवरून तीन-चार वसाहती स्वतंत्रपणे वाचून घ्याव्यात, म्हणजे आतल्या फरकाची पट्टी हाती येते आणि बाकीचे आकडे तिच्यावर जोखता येतात. दुसरी बाब अशी की औषधांना संवेदनशील असलेले आयसोलेट फेकून देण्याची सवय असते. त्याच वंशाचा संवेदनशील सदस्य सापडला, तर प्रतिरोधाचे जनुक वंशात केव्हा शिरले याचा अंदाज करता येतो, म्हणून शक्य असेल तेव्हा तेही उणे 80 अंशांवर जपावेत.

वातावरणातून नमुने घेताना सिंकच्या कडा आणि दारांच्या मुठी यांवर बरेच स्वॅब वाया जातात. कुत्र्याच्या त्वचेचा जीवाणू शोधायचा तर जेथे त्वचा, केस आणि ओलावा एकत्र येतात तेथे पाहावे. केस कापण्याच्या क्लिपरचे पाते आणि पात्याखालची पोकळी, शस्त्रक्रियेपूर्वीच्या तयारीचे टेबल, पिंजऱ्याच्या कोपऱ्यातील गादी, मुसक्या, सोनोग्राफीच्या जेलची पुन्हापुन्हा भरली जाणारी बाटली आणि तापमापकाचे आवरण या जागा मी प्रथम घेईन. सहा रुग्णांच्या नोंदींतून प्रत्येकाची तारीख, शस्त्रक्रियागृह, शल्यचिकित्सक, भूल देणारी व्यक्ती, पिंजरा आणि वापरलेली उपकरणे यांचा तक्ता सिक्वेन्सिंगच्या आधी करावा. जीनोमचे झाड हातात आल्यावर हा तक्ता तयार नसेल, तर झाड भिंतीवर लावण्यापलीकडे कामाचे राहत नाही. आणि तक्ता नीट झाला तर कधीकधी झाडाची गरजही पडत नाही, कारण सहाही कुत्रे एकाच क्लिपरखालून गेलेले दिसतात.

रुग्ण बरा झाला म्हणजे तो वाहक राहिला नाही, असे समजू नये. जखम भरल्यावरही कुत्र्याच्या नाकात, तोंडात आणि गुदद्वाराभोवती हा जीवाणू कित्येक महिने राहू शकतो. म्हणून तपासणीसाठी किंवा टाके काढण्यासाठी परत आलेला कुत्रा साखळीचा पुढचा दुवा ठरू शकतो. त्याच्या घरातील दुसऱ्या कुत्र्याचा स्वॅबही उपयोगी पडतो.

प्रयोगशाळेच्या बाजूने थोडे. स्टॅफिलोकोकसची पेशीभित्तिका जाड असल्याने ई. कोलायसाठी वापरले जाणारे साधे डीएनए किट येथे अपुरे पडते. लायसोस्टॅफिन किंवा तत्सम विकराने भित्तिका आधी फोडावी लागते. वाचन किमान 30 पट, शक्यतो 50 पट खोलीचे असावे, म्हणजे प्रत्येक अक्षर सरासरी तितक्या वेळा वाचले जावे. जोडणी केलेल्या जीनोमची लांबी पाहणे ही सर्वात सोपी आणि सर्वाधिक दुर्लक्षित तपासणी आहे. स्यूडइंटरमीडियसच्या आयसोलेटची लांबी 26 लाखांऐवजी 50 लाखांच्या आसपास आली, तर वसाहत शुद्ध नव्हती, आणि त्या नमुन्यावरून काढलेला कोणताही निष्कर्ष टिकत नाही. संवेदनशीलता चाचणीतही एक खाच आहे: या प्रजातीत मेथिसिलिन-प्रतिरोध देणारे मेक-ए जनुक ओळखण्यासाठी सेफॉक्सिटिनची चकती भरवशाची नाही, ऑक्सॅसिलिन वापरावे लागते आणि 0.5 मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर किंवा त्याहून अधिक किमान रोधक संहती (जीवाणूची वाढ रोखणारी औषधाची सर्वात कमी मात्रा) आल्यास आयसोलेट प्रतिरोधक धरतात. ऑरियसचे निकष लावून स्यूडइंटरमीडियस मोजला गेला, तर काही प्रतिरोधक आयसोलेट मुळात नजरेलाच पडत नाहीत. मग सहा रुग्णांची संख्याही खरी आहे का, ही शंका रास्त ठरते.

येथवरचे विवेचन जीवाणूच्या वंशाविषयी होते. मांजरांतील ई. कोलायकडे वळताच प्रश्नाचे स्वरूपच बदलते, कारण तेथे प्रतिरोधाचे जनुक बहुधा प्लाझ्मिडवर, म्हणजे गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या लहान वर्तुळावर, असते आणि प्लाझ्मिड एका जीवाणूतून दुसऱ्यात जाते. वंशांची तुलना करून 'दोन्ही ई. कोलाय पूर्णपणे वेगळे आहेत, म्हणून संबंध नाही' असे म्हणणे येथे चुकीचे ठरू शकते.

याचे सर्वात बोलके उदाहरण नेदरलँड्समधले आहे. तेथे कोंबड्या, कोंबडीचे मांस आणि माणसे यांतील ईएसबीएल-उत्पादक (सेफॅलोस्पोरिनसारखी प्रतिजैविके निकामी करणारी विकरे बनवणाऱ्या) ई. कोलायचे एमएलएसटी प्रकार एकसारखे आढळले होते आणि त्यावरून जीवाणूच थेट खाद्यसाखळीतून माणसांत येतो असे मानले जात होते. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संपूर्ण जीनोम अभ्यासात एमएलएसटीने एकच ठरवलेले कोंबडीचे आणि माणसाचे आयसोलेट एकमेकांपासून फारच दूर असल्याचे दिसले. परंतु त्यांच्यातील सेफॅलोस्पोरिन-प्रतिरोधाची जनुके वाहणारी काही प्लाझ्मिडे जवळजवळ तंतोतंत सारखी होती. म्हणजे प्रवास जीवाणूने नव्हे, प्लाझ्मिडने केला असण्याची शक्यता पुढे आली. निष्कर्षातील हा फरक साधा नाही, कारण जीवाणू रोखायचा असेल तर उपाय एक आणि प्लाझ्मिडला पोसणारा औषधांचा दाब कमी करायचा असेल तर उपाय दुसरा.

2015 च्या अखेरीस चीनमधून एमसीआर-1 या जनुकाचे वर्णन प्रसिद्ध झाले, तेव्हाही धक्का याच कारणाने बसला. कोलिस्टिन या प्रतिजैविकाचा प्रतिरोध तोवर गुणसूत्रावरील उत्परिवर्तनांमुळे येतो असे माहीत होते, आणि तो त्या त्या जीवाणूपुरता राहत असे. डुकरांतील ई. कोलायमध्ये तो प्लाझ्मिडवर सापडला आणि मग जगभरच्या प्रयोगशाळांनी आपले साठवलेले जीनोम पुन्हा उघडून पाहिले. काही महिन्यांतच हे जनुक अनेक खंडांत आणि पूर्वीच्या आयसोलेटमध्येही असल्याचे उघड झाले. ज्यांनी जुने सिक्वेन्स जपले होते, त्यांना नवा नमुना न घेता उत्तर मिळाले. कच्चा डेटा ठेवण्याच्या बाजूने याहून चांगला युक्तिवाद मला सुचत नाही.

म्हणून ई. कोलायसारख्या ग्रॅम-निगेटिव्ह जीवाणूंच्या बाबतीत तीन पातळ्या वेगळ्या ठेवून पाहाव्यात: जीवाणूचा वंश, प्लाझ्मिड आणि प्रत्यक्ष जनुक. जनुक सारखे असणे हा सर्वात कच्चा पुरावा आहे. सीटीएक्स-एम-15 किंवा एनडीएम-5 यांसारखे प्रतिरोधाचे जनुक दोन आयसोलेटमध्ये सापडले, याने संबंध सिद्ध होत नाही, कारण ही जनुके जगभर आहेत. प्लाझ्मिड सारखे असणे हा त्याहून सबळ पुरावा, पण त्यालाही अपवाद आहेत. ओएक्सए-48 हे कार्बापेनेमेजचे (कार्बापेनेम निकामी करणाऱ्या विकराचे) जनुक वाहणारे सुमारे 62 हजार अक्षरांचे प्लाझ्मिड वर्षानुवर्षे आणि देशोदेशी इतके कमी बदलले आहे की ते दोन मांजरांत सारखे आढळले तरी अलीकडचा संसर्ग मानण्याची घाई करू नये. जर्मनीतील एका पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखल असलेल्या कुत्र्यांमध्ये ओएक्सए-48 आढळल्याचे 2013 मध्येच प्रसिद्ध झाले होते. या जनुकाचा आणखी एक त्रास म्हणजे ते असूनही मेरोपेनेम या कार्बापेनेमची चाचणी संवेदनशील येऊ शकते. तेव्हा आपल्या दोन मांजरांखेरीज आणखी रुग्ण अहवालात 'संवेदनशील' म्हणून दडलेले नाहीत ना, हे त्याच गटातील इर्टापेनेमच्या चाचणीने किंवा थेट पीसीआरने पाहून घ्यावे.

प्लाझ्मिडची शहानिशा करायची तर लघुतुकड्यांचे वाचन पुरत नाही. इलुमिना यंत्र साधारण 150 अक्षरांचे तुकडे वाचते. प्लाझ्मिडवर आयएस26 सारखे भाग पुन्हापुन्हा येतात आणि ते त्या तुकड्यांपेक्षा लांब असतात. एकच ध्रुवपद असलेली अनेक गाणी फाडून चिठ्ठ्या केल्या, तर ध्रुवपदाच्या चिठ्ठीनंतर कोणत्या गाण्याचे कडवे लावायचे हे जसे कळणार नाही, तसे जोडणी करणाऱ्या सॉफ्टवेअरचे होते. जनुक आहे एवढे कळते, पण ते कोणत्या प्लाझ्मिडवर की गुणसूत्रावर हे कळत नाही. नॅनोपोर किंवा पॅकबायो यांसारख्या यंत्रांचे हजारो अक्षरांचे लांब तुकडे हा पेच सोडवतात. दोन्ही मांजरांच्या आयसोलेटसाठी लांब वाचन मागावेच. सहा स्टॅफिलोकोकससाठी मात्र त्याची गरज नाही, तेथे लघुतुकडे पुरेसे आहेत. एक खबरदारी मात्र घ्यावी: एका आयसोलेटचे वाचन इलुमिनावर आणि दुसऱ्याचे फक्त नॅनोपोरवर करून त्यांच्यातील एसएनपी मोजू नयेत. डीएनएवरील मिथाइल खुणांमुळे नॅनोपोरच्या वाचनात ठरावीक जागी चुका होऊ शकतात, आणि त्या खऱ्या फरकांसारख्या दिसतात.

आता दिशेचा प्रश्न. प्राण्यांकडून माणसांकडे असे गृहीत धरून सुरुवात करण्याची सवय आपल्या क्षेत्रातही आहे, आणि जीनोमने तिला अनेकदा खोटे पाडले आहे. डुकरांशी जोडला गेलेला एमआरएसएचा (मेथिसिलिन-प्रतिरोधक स्टॅफिलोकोकस ऑरियसचा) वंश सीसी398 हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. 19 देशांतील 89 आयसोलेटच्या जीनोमवरून 2012 मध्ये असे दाखवण्यात आले की हा वंश मुळात माणसांतील, मेथिसिलिनला संवेदनशील असा होता. तो जनावरांत गेला, तेथे त्याने मानवी प्रतिकारशक्तीला चकवणारी जनुके वाहणारा फॅज गमावला, टेट्रासायक्लिन आणि मेथिसिलिनचा प्रतिरोध मिळवला, आणि मग तो पुन्हा माणसांत येऊ लागला. साल्मोनेला टायफीम्युरियम डीटी104 या अनेक औषधांना दाद न देणाऱ्या प्रकाराबाबत स्कॉटलंडमधील 1990 नंतरच्या आयसोलेटचा अभ्यास 2013 मध्ये आला. तेथील गुरांतील आणि माणसांतील साथी बऱ्याच अंशी वेगवेगळ्या चालल्या होत्या, आणि स्थानिक जनावरे हाच माणसांतील प्रतिरोधाचा मुख्य उगम असावा या समजाला त्याने छेद दिला. मेथिसिलिन-प्रतिरोधाचेच दुसरे जनुक, मेक-सी, 2011 मध्ये गाईच्या दुधातील आयसोलेटवरून प्रकाशात आले, म्हणून बोट दुग्धव्यवसायाकडे दाखवले गेले. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने मात्र मेक-सी असलेले वंश साळिंदरासारख्या काटेरी पण लहान अशा युरोपीय हेजहॉगमध्ये, प्रतिजैविके औषध म्हणून वापरात येण्याच्याही आधीपासून असल्याचे दाखवले. त्यांच्या त्वचेवरील बुरशी पेनिसिलिनसारखे पदार्थ तयार करते, आणि निवडीचा दाब तेथूनच आला असावा.

या तिन्ही अभ्यासांत बरेच नमुने, दीर्घ कालावधी आणि अनेक यजमान होते. आपल्याकडे सहा कुत्रे, फार तर चार-पाच कर्मचारी आणि तीन महिने आहेत. एवढ्या अवधीत स्टॅफिलोकोकसमध्ये दोन-तीन अक्षरे बदलतील, आणि त्यावरून 'अ' कडून 'ब' कडे असा बाण काढणे म्हणजे तर्काला पुराव्याचा पोशाख चढवणे होय. नमुन्यांच्या संख्येचाही परिणाम होतो. ज्या बाजूचे नमुने अधिक, ती बाजू झाडावर उगमासारखी दिसते. वीस कुत्रे आणि दोन कर्मचारी तपासले, तर जीवाणू कुत्र्यांकडून माणसांकडे गेल्याचे चित्र जवळजवळ आपोआप तयार होते.

कर्मचाऱ्यांच्या तपासणीविषयी मी सावध आहे. स्यूडइंटरमीडियस हा कुत्र्यांचा जीवाणू आहे. माणसाच्या नाकात तो बहुधा काही काळापुरता, कुत्र्यांच्या सहवासात असेपर्यंत सापडतो. एखाद्या परिचारकाच्या नाकात रुग्णांच्या आयसोलेटशी जुळणारा जीवाणू सापडला, तर तो वाहक होता की दिवसभर बाधित कुत्रे हाताळल्याने त्याच्या नाकात आला, हे सिक्वेन्सिंग सांगणार नाही. नमुना घ्यायचाच असेल, तर लेखी संमतीने, नाव काढून टाकून आणि व्यवस्थापनाच्या हाती वैयक्तिक निकाल जाणार नाही अशा पद्धतीने घ्यावा. शक्यतो सकाळी कामावर येताच घ्यावा, म्हणजे हातून नाकात आलेल्या ताज्या दूषणाचा वाटा कमी होतो. दोषी शोधण्यासाठी ही तपासणी होते आहे असा नुसता संशय आला, तरी पुढच्या वेळी कोणीही खरी माहिती देत नाही. मग नोंदींचा तो तक्ताही भरवशाचा राहत नाही, आणि माग काढण्याच्या कामात त्याचे मोल जीनोमहून कमी नाही.

जनुके वाचून उपचार ठरवता येतात का, असाही प्रश्न यात दडलेला आहे. साल्मोनेलामध्ये जनुकांवरून वर्तवलेला आणि प्लेटवर दिसलेला प्रतिरोध यांचा ताळा सुमारे 99 टक्के जुळल्याचे 2016 मध्ये दाखवले गेले. परंतु ते साल्मोनेलाचे यश आहे. स्यूडोमोनासमध्ये औषध बाहेर फेकणारे पंप आणि पेशीतील छिद्रे बंद होणे यांमुळे प्रतिरोध येतो, आणि जनुकांच्या यादीत तो सहज दिसत नाही. ई. कोलायमध्येही बीटा-लॅक्टमेज (पेनिसिलिनसारखी औषधे फोडणारे विकर) साधेच असताना छिद्रे घटल्याने कार्बापेनेमचा प्रतिरोध दिसू शकतो. तेव्हा आपल्या मांजरांत कार्बापेनेमेज जनुक सापडलेच नाही, तर प्रयोगशाळेवर संशय घेण्याआधी ही शक्यता तपासावी. प्रतिरोधाची जनुके शोधणाऱ्या रेसफाइंडर, कार्ड किंवा एएमआरफाइंडरप्लस यांपैकी कोणते साधन वापरले, डेटाबेसची आवृत्ती कोणती होती, आणि जनुकाचा किती टक्के भाग जुळला म्हणजे 'सापडले' म्हटले, हे अहवालात लिहून मागावे. अर्धवट तुटलेले जनुकही यादीत झळकते. उपचार मात्र प्लेटवरच्या संवेदनशीलता चाचणीवरूनच ठरवावेत.

शेतीतील प्राण्यांसाठी प्रतिजैविक-प्रतिरोधाचे निरीक्षण व्यवस्थित उभे राहिले आहे. डेन्मार्कचा डॅनमॅप कार्यक्रम 1995 मध्ये आणि अमेरिकेचा नार्म्स 1996 मध्ये सुरू झाला, आणि युरोपीय संघाच्या 2021 पासून लागू झालेल्या नियमांनुसार ठरावीक चाचण्यांना पर्याय म्हणून संपूर्ण जीनोम सिक्वेन्सिंग चालते. त्या अनुभवातला एक धडा आपल्यालाही लागू पडतो. डेन्मार्कने 1995 मध्ये व्हँकोमायसिनच्याच गटातील अॅव्होपार्सिनचा वृद्धिवर्धक म्हणून वापर बंद केला. कोंबड्यांतील व्हँकोमायसिन-प्रतिरोधक एन्टरोकोकस घटले, डुकरांतील मात्र घटेनात. व्हँकोमायसिन-प्रतिरोधाचे व्हॅन-ए आणि मॅक्रोलाइड-प्रतिरोधाचे अर्म-बी ही दोन्ही जनुके डुकरांतील आयसोलेटमध्ये एकाच प्लाझ्मिडवर होती, आणि टायलोसिन या मॅक्रोलाइडचा वापर चालूच होता. 1998 नंतर टायलोसिन कमी झाले, तेव्हा व्हँकोमायसिनचा प्रतिरोधही उतरला. आपल्या दोन मांजरांच्या अहवालात प्लाझ्मिडवर कार्बापेनेमेजच्या शेजारी कोणती जनुके बसली आहेत ते याच कारणासाठी पाहावे. कार्बापेनेम प्राण्यांत क्वचितच वापरले जातात, पण त्याच प्लाझ्मिडवर फ्लुरोक्विनोलोन किंवा अमिनोग्लायकोसाइडचा प्रतिरोध असेल, तर आपल्या रोजच्या औषधांनीच ते टिकवून धरले आहे असे समजावे. घरातील प्राणी या सरकारी कार्यक्रमांत फारसे मोजले जात नाहीत, आणि मला ही मोठी उणीव वाटते. प्रतिजैविकांचे कोर्स पुन्हापुन्हा घेतलेला कुत्रा माणसाच्या गादीवर झोपतो, गोठ्यातली गाय झोपत नाही.

सिक्वेन्सिंगच्या निकालासाठी थांबून स्वच्छतेचे उपाय लांबवू नयेत. क्लिपरची पाती प्रत्येक प्राण्यानंतर सुटी करून निर्जंतुक करणे, बाधित प्राण्यांना दिवसाच्या शेवटी घेणे, त्यांच्यासाठी वेगळा पिंजरा आणि वेगळा अॅप्रन ठेवणे, हातांची स्वच्छता प्रत्यक्ष उभे राहून पाहणे, हे आजच सुरू करावे. या उपायांसाठी जीनोमची परवानगी लागत नाही. निकालाचा खरा उपयोग उपाय सुरू केल्यानंतरच्या रुग्णांसाठी होतो. सहापैकी चार आयसोलेट एका लहान फांदीवर आणि दोन दूर आले, असे समजू. मग त्या दोन कुत्र्यांनी जीवाणू घरून आणला असण्याची शक्यता अधिक, आणि त्यांच्यासारख्यांना थांबवायचे तर शस्त्रक्रियेपूर्वी वाहक ओळखण्याची तपासणी लागेल. उरलेल्या चौघांसाठी तक्त्यातील समान उपकरण किंवा जागा शोधावी आणि तेथील स्वॅबचा जीनोम त्या फांदीवर बसतो का पाहावे. त्यानंतर पुढील सहा महिने प्रत्येक नव्या मेथिसिलिन-प्रतिरोधक आयसोलेटचे सिक्वेन्सिंग करावे. नवा आयसोलेट त्या फांदीवर बसला, तर उगम अजून रुग्णालयातच आहे आणि शोध पुन्हा क्लिपर-टेबलापासून सुरू करावा. नवे रुग्ण येत राहिले पण सगळे विखुरलेले असले, तर रुग्णालयातील साखळी तुटली आहे आणि उरलेला प्रश्न बाहेरून येणाऱ्या वाहकांचा आहे.